महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि सहकारी संशोधनाचा प्रश्न

१

ज्या पिढीने एखाद्या विद्याकार्याचा आरंभ केला त्याच पिढीला त्याची समाप्ती पाहावयास मिळू नये, ही गोष्ट विरळ नाही. परंतु असे होणार हे स्पष्ट दिसू लागल्यावरही ते कार्य न सोडता, न आटोपता, जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या हाती सोपविले जावे, ही गोष्ट मात्र विरळ होय. १ एप्रिल १९१९ रोजी पुणे येथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी पाठतुलनेच्या पहिल्या कागदावर महाभारताचा मंगलश्लोक लिहून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस प्रारंभ केला. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हे कार्य पूर्ण झाल्याचे जाहीर केले. ह्या दोन दिवसांमध्ये ४७ वर्षांचे अंतर आहे. प्रारंभ करणारे भांडारकर १९२५ साली निवर्तले. ज्यांनी ह्या कार्याला शास्त्रीय रूप दिले ते डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ साली गेले. तरीही १९ खंडांच्या ह्या आवृत्तीची पद्धती पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत एकच राहिली.

ह्या आवृत्तीचे पाठशास्त्रीय मोल पुष्कळांनी सांगितले आहे. येथे तिचा विचार वेगळ्या दृष्टीने करावयाचा आहे. संशोधन हे ज्ञानासाठी व्हावे, संशोधकाच्या पदोन्नतीसाठी नव्हे, असे आज सर्वत्र बोलले जाते. आणि त्यावर उपाय म्हणून ‘सहकार्य’ हा शब्द उच्चारला जातो. पण सहकार्य म्हणजे नेमके काय, ते कशामुळे शक्य होते आणि कशामुळे अशक्य होते, ह्याचा विचार केवळ सदिच्छेच्या पातळीवर राहतो. महाभारताच्या आवृत्तीचा इतिहास ह्या प्रश्नाला काही निश्चित उत्तरे देतो. सहकार्य हा मनाचा गुण असण्याआधी कामाची व्यवस्था असते, हे त्यांपैकी पहिले उत्तर होय.

२

महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघावी ही कल्पना प्रथम पुण्यात निघाली नाही. १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेत मॉरिट्झ विंटरनिट्झ यांनी तिचा आग्रह धरला. पुढे युरोपातील अकादमींच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९०४ साली ती योजना स्वीकारली, आणि हाइनरिख ल्यूडर्स यांनी आवृत्तीचा नमुनाही सिद्ध केला. ह्या योजनेला विद्वत्तेची किंवा सामग्रीची वाण नव्हती. परंतु १९१४ च्या महायुद्धाने अकादमींमधील संबंधच तुटले, आणि योजना थांबली. अनेक देशांच्या सहकार्यावर उभारलेले कार्य त्या देशांच्या वैरामुळे कोसळले, हे स्पष्टच आहे. पण त्यात आणखी एक उणीव होती. मूळ काम जेथे करावयाचे त्या पोथ्या बहुतांशी भारतात होत्या, आणि त्या वाचू शकणारी शास्त्रीमंडळीही भारतातच होती.

१९१७ साली पुण्यात भांडारकर संस्था स्थापन झाली आणि डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितसंग्रह पुढील वर्षी तिच्याकडे आला. त्याच वर्षी महाभारताचा संकल्प झाला. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. पुढे मुंबई सरकार, हैदराबादचे निजाम सरकार, बडोदे व म्हैसूर यांसारखी संस्थाने यांचीही मदत मिळत गेली. ह्या देणगीदारांत राजकीय किंवा धार्मिक ऐक्य होते असे म्हणता येणार नाही. ऐक्य होते ते कामाच्या स्वरूपाविषयी. आणि त्यांपैकी कोणीही ‘इतक्या महिन्यांत इतकी पृष्ठे’ असा हिशेब पुढे ठेवून हे कार्य मोडले नाही.

पहिले प्रधान संपादक नारायण बापूजी उतगीकर यांनी १९२३ साली विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती प्रसिद्ध केली. ही घटना लहान दिसते, पण संशोधनाच्या इतिहासात तिचे महत्त्व मोठे आहे. ही आवृत्ती विक्रीसाठी किंवा कीर्तीसाठी काढलेली नव्हती. ती देशोदेशींच्या विद्वानांकडे विनामूल्य पाठविण्यात आली, ती एवढ्यासाठी, की त्यांनी तिच्यातील दोष दाखवावेत आणि अंतिम आवृत्तीसाठी सूचना कराव्यात. विराटपर्वाची अंतिम आवृत्ती पुढे १९३६ साली लाहोरचे डॉ. रघुवीर यांनी नव्याने सिद्ध केली. म्हणजे संस्थेने आपलेच पहिले फळ परीक्षेसाठी पुढे केले आणि ते अपुरे ठरताच बाजूला ठेवले. छापलेले पान हे प्रतिष्ठेचे चिन्ह न मानता चौकशीचे साधन मानणे, हा ह्या कार्याचा पाया होता.

३

१९२५ च्या ऑगस्टमध्ये सुखटणकर प्रधान संपादक झाले. त्यांनी केंब्रिज येथे गणिताचा अभ्यास केला होता, आणि बर्लिन येथे ल्यूडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला होता. त्यांच्या समोरील प्रश्न केवळ ‘कोणता पाठ बरा’ एवढाच नव्हता. महाभारताचे एकच मूळ हस्तलिखित कोठे सापडण्याजोगे नव्हते. जे होते ते शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा भिन्न लिप्यांत, भिन्न प्रदेशांत, शतकानुशतके नकलत गेलेले होते. प्रत्येक प्रदेशाने त्यात भर घातली होती, काही बदलले होते, काही गाळले होते. सुखटणकरांनी जे प्रमाण प्रमुख मानले ते असे, की ज्या शाखांचा परस्परांशी संबंध आला नव्हता अशा शाखा, उदाहरणार्थ काश्मीरची आणि दक्षिणेची, जेथे एकमताने एक पाठ देतात, तेथे तो पाठ जुना समजावा. स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष जुळली म्हणजे तिचे मोल वाढते, हा न्यायालयातील व्यवहारच येथे पाठनिर्णयात आला.

ह्या प्रमाणातूनच सहकार्याची गरज उत्पन्न होते. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळातील मल्याळम पोथी ह्या दोन्ही वाचू शकणारा, आणि त्यांच्या मधल्या सर्व लिप्याही जाणणारा एकच पंडित मिळणे अशक्यप्राय. प्रश्नच असा होता, की तो एकट्याने सुटण्यासारखा नव्हता. म्हणून येथे सहकार्य ही उदारतेची बाब नव्हती. ती पद्धतीची मागणी होती.

पाठतुलनेचे काम कसे चाले, ते सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत तपशिलाने सांगितले आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदावर वरच्या ओळीत मुंबईच्या गणपत कृष्णाजी यांच्या छापील प्रतीतील एक श्लोक ठळक अक्षरांत लिहिला जाई. त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ ठेवलेली असे. त्या हस्तलिखितात जेथे वेगळे अक्षर आढळे, ते अक्षर मूळ अक्षराच्या बरोबर खालच्या चौकोनात नोंदवावयाचे. कागदाच्या उजव्या बाजूस एक रुंद रकाना शेऱ्यांसाठी, समासात लिहिलेल्या दुरुस्त्यांसाठी आणि त्या पोथीत अधिक असलेल्या श्लोकांसाठी राखलेला असे. हे काम करणारी मंडळी संस्थेच्या कायम नोकरीत होती. त्यांत उत्तरेकडील व दक्षिणेकडील शास्त्री होते, तसेच विद्यापीठाचे पदवीधरही होते. शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठतुलनेची केंद्रे चालविण्यात आली, कारण तेथील पोथ्या तेथेच ताडून पाहणे सोयीचे होते. आदिपर्वासाठी कोणत्याही भागात किमान १० हस्तलिखिते ताडली गेली. पुष्कळ भागांत २०, काही भागांत ३० किंवा ४०. आणि पहिल्या दोन अध्यायांसाठी ५० पर्यंत.

ह्या व्यवस्थेतील एक नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. एकाने ताडलेले हस्तलिखित दुसऱ्याने पुन्हा तपासल्याशिवाय तो कागद संपादकापुढे जात नसे. नोंदणारा आणि तपासणारा हे नेहमी भिन्न असत. ह्यात नोंदणाऱ्याचा अपमान नव्हता, कारण प्रत्येकाचे काम तपासले जाई आणि प्रत्येकजण दुसऱ्याचे तपासी. आज समकक्ष तज्ज्ञांकडून होणारे परीक्षण म्हणून जी गोष्ट लेख पूर्ण झाल्यावर, बहुधा निनावी पत्राने होते, ती येथे कामाच्या प्रत्येक ओळीत, एका छताखाली, रोज होत होती. चूक आढळली तर ती छपाईपूर्वीच आढळे, आणि ती दाखविणारा प्रतिस्पर्धी नसून सहकारी असे.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ साली छापून निघाला. कार्यारंभापासून ह्याला आठ वर्षे झाली होती. संपूर्ण आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. तात्पुरते विराटपर्व वगळले तर पहिल्या आठ वर्षांत छापील आवृत्तीचे एक पानही लोकांपुढे आले नव्हते. ह्या आठ वर्षांत शास्त्रीमंडळी निरुद्योगी होती असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांचा उद्योग पृष्ठांच्या संख्येने मोजला असता तर तो शून्य भरला असता. त्यांची उपजीविका अचूकपणावर अवलंबून होती, प्रकाशनावर नव्हे. आणि म्हणूनच त्यांना अचूक राहणे परवडले.

४

अशा कार्यात मतभेद नव्हते असे नाही. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी पहिल्या भागांचे परीक्षण करताना असे सुचविले, की मूळ पाठ सिद्ध करण्याचा प्रयत्नच सोडून द्यावा. नीलकंठाची प्रचलित संहिता छापावी आणि तिच्याखाली सर्व पाठभेद द्यावेत. वाल्टर रूबेन यांनीही पद्धतीवर आक्षेप घेतले. सुखटणकरांनी ह्या आक्षेपांना संस्थेच्या नियतकालिकात व प्रस्तावनेत सविस्तर उत्तरे दिली. त्यांचे म्हणणे सर्वांनी मान्य केले असे नाही. मूळ संहिता अशी एकच होती काय, ह्याविषयी अभ्यासकांमध्ये आजही वाद चालतो.

परंतु ह्या वादाची एक विशेषता आहे. ह्या आवृत्तीचे पान उघडले तर वर सिद्ध केलेला पाठ दिसतो आणि खाली, बहुधा त्याहून अधिक जागा व्यापणारी, पाठभेदांची नोंद दिसते. कोणत्या हस्तलिखितात कोणते अक्षर आहे, कोणता श्लोक कोठे अधिक आहे, कोणता गाळलेला आहे, हे सर्व तेथे आहे. जे मोठे प्रक्षेप मानले गेले ते परिशिष्टात दिलेले आहेत. फेकून दिलेले नाहीत. म्हणून ज्याला सुखटणकरांचा निर्णय मान्य नाही, त्याला त्याच पानावरून आपला निर्णय करता येतो. मतभेद करणाऱ्याच्या हाती त्याची सामग्री देणे, ही ह्या आवृत्तीची सर्वांत मोठी देणगी होय. एखाद्या विद्वानाने केवळ आपला निष्कर्ष छापला असता, तर तो निष्कर्ष मान्य करणे किंवा अमान्य करणे एवढेच वाचकाला उरले असते.

ही वृत्ती सुखटणकरांनी स्वतःच्या निर्णयांनाही लावली. आदिपर्व छापून झाल्यानंतर नेपाळातील आदिपर्वाचे एक अतिशय जुने हस्तलिखित त्यांच्या हाती आले. छापून झालेल्या ग्रंथाच्या संपादकाला अशी पोथी अडचणीची वाटणे स्वाभाविक होते. सुखटणकरांनी ती आपल्या सिद्ध पाठाशी ताडली आणि तिची साक्ष अभ्यासकांपुढे मांडली. तिने त्यांच्या निर्णयांना बहुतांशी पुष्टी दिली. पण महत्त्व पुष्टीला नाही; परीक्षा स्वतःहून मागण्याला आहे.

२१ जानेवारी १९४३ रोजी सुखटणकर निवर्तले. मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर ते जी व्याख्यानमाला देत होते, तिचे चौथे व शेवटचे व्याख्यान त्याच दिवशी व्हावयाचे होते. तोपर्यंत आदिपर्व आणि आरण्यकपर्व ही दोन मोठी पर्वे त्यांनी स्वतः संपादित केली होती. एकट्या विद्वानाचे कार्य असते तर ते येथेच थांबले असते. पण प्रधान संपादकाचे काम डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांच्याकडे आणि १९६१ साली डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्याकडे गेले, आणि आवृत्ती पूर्ण झाली. मधल्या काळात पर्वांचे संपादन निरनिराळ्या ठिकाणच्या विद्वानांनी केले. उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांनी १९४० साली. सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी १९४४ साली. सौप्तिकपर्व मुंबईच्या ह. दा. वेलणकर यांनी १९४८ साली. शल्य व अनुशासन ही पर्वे रा. ना. दांडेकर यांनी अनुक्रमे १९६१ व १९६६ साली. १९४७ नंतर लाहोर आणि ढाका ही दोन्ही नगरे दुसऱ्या राष्ट्रात गेली. त्या नगरांत सिद्ध झालेली पर्वे मात्र एकाच ग्रंथाची पर्वे राहिली. सर्व संपादकांपुढे पाठतुलनेचे कागद सारख्याच पद्धतीने तयार झालेले असल्यामुळे, संपादक बदलला तरी ग्रंथ तोच राहिला.

५

ह्यावरून असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, की सर्वच संशोधन अनेकांनी मिळून करावे. ह्याच संस्थेने महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा काणे ५० वर्षांचे होते. शेवटचा भाग १९६२ साली निघाला तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. हे काम एकट्याचे होते. त्यांचे नाव महाभारताच्या संपादकमंडळातही होते. म्हणजे एकच विद्वान एका प्रश्नासाठी इतरांबरोबर बसला आणि दुसऱ्या प्रश्नासाठी एकटा बसला. कोणत्या प्रश्नाला कोणती रीत लागते, हे प्रश्नाने ठरविले.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे उदाहरण आणखी वेगळे आहे. त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्याचे २२ खंड काढले. गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून, जवळजवळ एकट्यानेच ही सामग्री त्यांनी गोळा केली. तरीही ७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्याची आवश्यकता त्यांना वाटली. मंडळाच्या सभांतून कागदपत्रे वाचली जात, निबंध वाचले जात आणि त्यांवर वाद होत. राजवाड्यांचा स्वभाव संस्थेच्या शिस्तीत फार काळ रमणारा नव्हता. पुढे ते मंडळापासून दूर गेले. पण व्यक्ती दूर गेली तरी तिने सुरू केलेली सभा चालू राहिली, आणि राजवाड्यांचे कित्येक सिद्धान्त टाकून देणाऱ्यांनाही त्यांनी छापलेले मूळ कागद टाकून देता आले नाहीत.

काणे, राजवाडे आणि सुखटणकर ह्या तिघांमध्ये साम्य शोधावयाचे तर ते सहकार्यात सापडणार नाही. ते सापडते ते ह्यात, की तिघांच्याही कामाचे मान ‘लेख’ हे नव्हते, ‘प्रश्न’ हे होते. प्रश्न जेवढा मोठा तेवढे काम, आणि प्रश्न सुटेपर्यंत काम. लेख ही त्या कामातील मधली नोंद होती. लेख हेच मान झाले म्हणजे प्रश्न लेखाच्या आकाराचा केला जातो. एका लेखात मावणार नाही असा प्रश्न कोणी हाती घेत नाही.

६

ह्या पार्श्वभूमीवर गेल्या दीड दशकातील विद्यापीठीय व्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधनलेख प्रसिद्ध करणे आवश्यक केले. २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या नेमणुका व पदोन्नती गुणांकनाशी जोडल्या. ह्यामागील हेतू सदोष नव्हता. केवळ ज्येष्ठतेने किंवा वशिल्याने मिळणाऱ्या पदोन्नतीला आळा घालावयाचा तर काहीतरी मोजता येण्याजोगे, सर्वांना सारखे लागू पडणारे प्रमाण हवे होते. आणि लहान गावातील महाविद्यालयातील एखाद्या कष्टाळू अध्यापकाला, ज्याच्या पाठीशी कोणी नाही, अशा आकड्याचा आधार वाटणे स्वाभाविक होते. हे मान्य केल्यावाचून पुढील टीका न्याय्य होणार नाही.

पण परिणाम काय झाला? मागणी वाढली तसा पुरवठा उत्पन्न झाला. शुल्क घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके इतकी बोकाळली, की २०१८ साली आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त सूचीतून ४,३०५ नियतकालिके एकदम वगळावी लागली. त्यानंतर ‘केअर’ ही नवी सूची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने तयार झाली. २०२२ साली पीएच.डी.पूर्व लेखाची सक्ती गेली, आणि २०२५ साली केअर सूचीही बंद करण्यात आली. एका सूचीच्या जागी दुसरी आली व तीही गेली. परंतु लेख मोजण्याची सवय मात्र राहिली. रोग नियतकालिकांच्या सूचीत नव्हता. तो मोजण्याच्या मापात होता.

हे माप सहकार्याला कसे प्रतिकूल आहे, ते नियमावलीच्या कोष्टकातच दिसते. २०१८ च्या नियमावलीत मानव्यविद्यांतील एका संशोधनलेखाला १० गुण होते; राष्ट्रीय प्रकाशकाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या संपादनाला ८. लेखाचे दोनांहून अधिक लेखक असतील तर प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. ह्या कोष्टकाने सुखटणकरांचे आरण्यकपर्व संपादित ग्रंथ म्हणून मोजले, तर त्याचे मोल एका लेखाहून कमी भरते. आणि शारदा किंवा ग्रंथ लिपीतील पोथी वर्षानुवर्षे अक्षराक्षराने ताडणाऱ्या शास्त्र्याला कोष्टकात रकानाच नाही. ज्याचे नाव कोठेच छापले जात नाही तो ह्या हिशेबात संशोधकच नव्हे. असा हिशेब ज्या विभागात चालतो तेथे दुसऱ्याचा कागद तपासण्यात वेळ घालविणे हा तोटा ठरतो, आणि सहकाऱ्याला आपली सामग्री दाखविणे हा धोका ठरतो. ह्यात दोष तरुण संशोधकाच्या चारित्र्याचा नाही. १९१९ सालच्या शास्त्र्यांवर असा नियम लादला असता तर तेही पोथी बाजूला ठेवून लेखच लिहीत बसले असते.

येथे एक कटू गोष्टही नोंदविणे आवश्यक आहे. महाभारताच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर संपादकांची व संपादकमंडळातील विद्वानांची नावे आहेत; त्यांच्या शेवटी ‘आणि इतर विद्वान’ असे शब्द आहेत. पाठतुलना करणाऱ्या शास्त्रीमंडळींची नावे त्या पानावर नाहीत. त्या काळच्या रीतीप्रमाणे हे स्वाभाविक होते. परंतु सहकारी संशोधनाचा आदर्श म्हणून ह्या आवृत्तीकडे पाहताना ही उणीव झाकून चालणार नाही. ज्यांना त्या काळी उपजीविकेची निश्चिती होती पण नावाची नव्हती, त्यांच्या आजच्या वारसांना ना निश्चिती आहे ना नाव. हंगामी नेमणुकीवरील संशोधन-सहायकाची स्थिती बहुधा अशीच असते. सहकार्याचा उपदेश करणाऱ्या ज्येष्ठांनी आधी ह्या सहायकाचे नाव कोठे येते ते पाहावे.

७

पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे उदाहरण घेतले तर ह्या सर्व चर्चेचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट होईल. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. पण निवड ती निवडच. मोडी कागदांचे असंख्य रुमाल अजून न वाचलेले आहेत. त्यांत गावोगावचे हिशेब आहेत, वसुलीचे ताळेबंद आहेत, न्यायनिवाडे आहेत. अठराव्या शतकातील शेतीची, मजुरीची, भावांची कोणतीही विश्वसनीय मांडणी ह्या कागदांवाचून व्हावयाची नाही. मोडी वाचणारा, त्या काळची वजने-मापे जाणणारा, हिशेबपद्धती समजणारा आणि संख्याशास्त्र जाणणारा असे चौघे एकत्र बसल्यावाचून हे काम होणारे नाही. आणि चौघे बसले तरी पहिली काही वर्षे छापण्याजोगे काही हाती लागेलच असे नाही. आजच्या मापाने ही वर्षे वाया गेली असे ठरेल. म्हणून हे काम हाती घेतले जात नाही, आणि त्याच दप्तरातील छापून झालेल्या कागदांवर नव्याने लेख मात्र लिहिले जातात.

एखादा विद्यापीठीय विभाग आयोगाची नियमावली बदलू शकत नाही. परंतु त्याच्या अधिकारात काही गोष्टी निश्चित आहेत. एकेका मार्गदर्शकाच्या हाताखाली विखुरलेले प्रबंध एका दीर्घ प्रश्नाच्या भोवती योजता येतात, म्हणजे एकाचे वाचलेले कागद दुसऱ्याच्या कामी येतात. प्रत्येकाने केलेल्या नोंदी दुसऱ्याने तपासाव्यात असा नियम करता येतो, आणि तपासणाऱ्याचे नाव नोंदणाऱ्याच्या नावाबरोबर ठेवता येते. अपुरे निष्कर्ष विभागाच्या पत्रिकेत ‘तात्पुरते’ म्हणून, आक्षेपांसाठी छापता येतात. १९२३ च्या विराटपर्वाप्रमाणे ते पुढे रद्द झाले तरी कमीपणा मानण्याचे कारण नाही. निष्कर्षाबरोबर मूळ सामग्रीही अभ्यासकांना खुली करता येते, जेणेकरून विरोधकालाही तिच्यावरून आपले मत बनविता येईल. ह्यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठे द्रव्य लागत नाही. लागते ती दीर्घकाळ टिकणारी व्यवस्था.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण होऊन आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधील विवेचनासाठी तिचाच आधार घेतला, शिकागो विद्यापीठातर्फे व्हान ब्यूटेनेन यांनी सुरू केलेले इंग्रजी भाषांतर आणि बिबेक देबरॉय यांचे दहा खंडांचे भाषांतर तिच्याच पाठावर आधारलेले आहे. जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी तिचा पाठ संगणकावर उतरविला व केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो तपासून शुद्ध केला. म्हणजे नोंदणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा जुना नियम तेथेही पाळला गेला. तिच्या पाठाविषयी मतभेद असणारेही तिच्याच पानांवरून आपले मत मांडतात. पहिल्या आठ वर्षांत ज्या शास्त्र्यांनी कागदांवर अक्षरे भरली, त्यांपैकी कोणाच्याही नावावर त्या काळात एक लेखही जमा झाला नसेल. त्यांनी भरलेल्या कागदांवाचून मात्र पुढचे काहीच झाले नसते. संशोधनाचे मोल ठरविताना ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतील असे माप विद्यापीठांना सापडेल तेव्हाच सहकारी संशोधनाची भाषा खरी ठरेल.